जोडाची परीक्षा

२००३ च्या उन्हाळ्यात आम्ही तिघे एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी जात्यावरच्या ओव्या गोळा करायच्या, म्हणून सातारा जिल्ह्यातल्या एका डोंगराळ गावी गेलो. सोबत मागून आणलेला कॅसेट रेकॉर्डर, एक साधा मायक्रोफोन आणि या दोहोंना जोडणारी, आम्ही स्वतःच तयार केलेली पाच मीटर लांबीची वायर होती. पुण्याच्या बुधवार पेठेतून वायर आणि प्लग विकत आणले होते आणि वसतिगृहाच्या खोलीत सोल्डरिंग करून ते एकमेकांना सांधले होते. निघण्यापूर्वी वायरीची परीक्षाही घेतली होती. मल्टिमीटरच्या दोन सळ्या दोन टोकांना टेकवल्या, मीटरने शिट्टी वाजवली, आणि काम चोख झाले असे आम्ही ठरवून टाकले.

त्या गावातल्या आजी जात्याशी बसून जवळजवळ दोन तास ओव्या म्हणत होत्या. अखेरीस त्यांनी विचारले, "उमटलं का रं समदं?" आम्ही तिघांनीही हो म्हटले. पुण्यात येऊन कॅसेट लावली तेव्हा पहिली वीसेक मिनिटे आजींचा आवाज होता, मग खरखर, मग मधूनमधून एखादा तुटक शब्द, आणि त्यानंतर निव्वळ शांतता. दिवाळीनंतर पुन्हा त्या गावी गेलो तेव्हा आजी राहिल्या नव्हत्या.

मीटरने होकार दिलेला जोड फसला कसा? हा प्रश्न तेव्हा आम्हाला केवळ तांत्रिक वाटला होता. पुढे वाचत गेलो तसे ध्यानात आले की या प्रश्नाला फार मोठा इतिहास आहे. जोड चांगला आहे हे कशावरून ओळखावे, हे शिकायला माणसाला लाखो पौंड आणि महासागराचा तळ खर्ची घालावा लागला आहे. प्रस्तुत लेखात त्या इतिहासाचा एक धागा आम्ही उलगडू पाहतो.

धातूला धातूने सांधण्याची कला अतिप्राचीन आहे. शिसे आणि कथील यांच्या मिश्रणाने नळ सांधत असल्याची नोंद इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन ग्रंथकार प्लिनीने केलेली आहे. आपल्याकडचे तांबट आणि सोनारही डाख लावण्याच्या विद्येत पारंगत होते. या सर्व कारागिरांकडे कामाची परीक्षा घेण्याची एक सोपी सोय होती. भांडे सांधून झाले की त्यात पाणी भरावे. जोड कच्चा असेल तर थेंब गळतो आणि तो डोळ्यांना दिसतो. दागिना असेल तर हलके ओढून पाहावे. म्हणजे कारागीर, परीक्षक आणि दोष हे तिघे एकाच ठिकाणी, एकाच वेळी हजर असत. विजेच्या तारेने ही सोय हिरावून घेतली. विजेची गळती दिसत नाही, ऐकू येत नाही, आणि तार समुद्राच्या तळाशी असेल तर दोष परीक्षकापासून हजार मैल दूर असू शकतो. जोडाच्या परीक्षेचे शास्त्र इथून सुरू झाले.

आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांच्यामध्ये अटलांटिकच्या तळाशी तार टाकण्याचा पहिला प्रयत्न १८५७ मध्ये फसला. दुसऱ्या वर्षी, ५ ऑगस्ट १८५८ रोजी, तार दोन्ही किनाऱ्यांना पोहोचली. तारेचा गाभा सात तांब्याच्या तारांचा, आणि त्याभोवती गटापर्चाचे तिहेरी वेष्टन. एवढा लांब गाभा सलग घडवणे शक्यच नव्हते. तुकडे तयार करायचे आणि ते सांधत जायचे. त्यात बाहेरचे लोखंडी कवच दोन निरनिराळ्या कारखान्यांत गुंडाळले गेले, आणि एकाने पीळ उजवीकडे दिला तर दुसऱ्याने डावीकडे. काही भाग उन्हात उघडा पडून राहिला. गटापर्चा मऊ झाला आणि तांबे मध्यभागावरून सरकले. वरून पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नव्हते.

या कंपनीचा विद्युत्‌तज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस हा मूळचा शल्यचिकित्सक. लांब तारेतून संदेश पाठवायचा तर विजेचा दाब वाढवला पाहिजे, असे त्याचे मत होते. ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम थॉमसन, जे पुढे लॉर्ड केल्व्हिन झाले, त्यांचे मत नेमके उलट होते. तार चांगली असेल तर अत्यंत क्षीण प्रवाहही पुरतो. वाढवायची असेल तर वाचणाऱ्याची सूक्ष्मता वाढवावी, असे ते म्हणत. त्यांनी एका चिमुकल्या आरशाच्या पाठीला लोहचुंबकाचे तुकडे चिकटवले आणि तो रेशमाच्या धाग्याला टांगला. तारेतून नखाएवढा प्रवाह आला तरी आरसा किंचित वळे आणि पट्टीवरचा प्रकाशाचा ठिपका सरके. व्हाइटहाउसने मात्र आपली प्रचंड वेटोळी जोडून सुमारे २,००० व्होल्टचा दाब तारेवर घातला. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे जायला सुमारे १६ तास लागले. तीन-चार आठवड्यांत तार मुकी झाली.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. सारा दोष एकट्या व्हाइटहाउसच्या माथी मारण्याची रीत पुष्कळ दिवस चालत आली, पण ती तार मुळातच सदोष होती. त्या दाबाने तिचा अंत लवकर ओढवला, इतकेच म्हणता येईल. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे ते असे की, जे साधन तार चालवत होते तेच तिला मारत होते, आणि हे ओळखण्याची रीत तेव्हा कुणापाशी निश्चित नव्हती.

पाठोपाठ दुसरी दुर्घटना हिंदुस्थानच्याच वाटेवर घडली. सुएझपासून एडनमार्गे कराचीपर्यंतची तार १८५९-६० मध्ये टाकली गेली आणि तीही निकामी ठरली. सुमारे ८ लाख पौंड पाण्यात गेले. सरकारने परताव्याची हमी दिलेली असल्यामुळे तार मेल्यावरही तिचा खर्च तिजोरीला सोसावा लागला. मग ब्रिटिश सरकार आणि अटलांटिक कंपनी यांच्या संयुक्त समितीने साक्षीपुरावे घेतले. १८६१ च्या तिच्या अहवालातून दिसले की तोवर जगभर टाकलेल्या सुमारे ११,००० मैल समुद्री तारांपैकी जेमतेम ३,००० मैल चालू होत्या. बाकीच्या तारा टाकताना प्रत्येक वेळी कुणीतरी 'ठीक आहे' असे म्हटलेलेच होते.

या अहवालानंतर 'ठीक आहे' हे शब्द पुरेसे राहिले नाहीत. किती ठीक, हे आकड्यात सांगणे भाग पडले. आकडा सांगायचा तर एकक हवे. म्हणून त्याच वर्षी ब्रिटिश असोसिएशनने विद्युत्‌रोधाचे प्रमाण ठरवण्यासाठी समिती नेमली आणि त्यातून आजच्या ओहमचा पूर्वज जन्माला आला. रोध तोलण्याचा तराजू तयारच होता. सॅम्युअल हंटर ख्रिस्टी यांनी १८३३ मध्ये कल्पिलेली आणि चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८४३ मध्ये लोकांपुढे आणलेली ती रचना आजही 'व्हीटस्टनचा सेतू' म्हणूनच ओळखली जाते. परंतु जोडासारख्या वस्तूचा रोध इतका अल्प असतो की तो मोजताना मोजणाऱ्या तारांचाच रोध आड येतो. वजन करताना पारडेच मालापेक्षा जड असावे, तसा हा प्रकार. त्यावरही तोड थॉमसन यांनीच काढली. प्रवाह नेणाऱ्या तारा वेगळ्या आणि दाब मोजणाऱ्या तारा वेगळ्या ठेवल्या की पारड्याचे वजन हिशेबातून गळते. केल्व्हिनचा दुहेरी सेतू या तत्त्वावर उभा आहे.

जोडाभोवतीचे वेष्टन तपासण्याची रीत याहून नाजूक होती. लॅटिमर क्लार्क यांची ही पद्धत त्या काळी सर्वमान्य झाली. सांधलेला भाग पाण्याने भरलेल्या, जमिनीपासून विद्युत्‌दृष्ट्या अलग ठेवलेल्या एका लहानशा कुंडात बुडवायचा. तारेला बॅटरी जोडून ठराविक वेळ थांबायचे. वेष्टनातून जी काही वीज झिरपेल ती थेंबाथेंबाने साठू द्यायची आणि मग तो साठा एकदम प्रवाहमापकातून सोडायचा. शेवटी तेवढ्याच लांबीच्या निर्दोष तारेचा आकडा शेजारी ठेवून तुलना करायची. तांबटाच्या भांड्यातल्या पाण्याचीच ही कसोटी, फक्त उलटी: इथे पाणी बाहेर आणि गळती आतून. पण या परीक्षेत एक गुण तांबटाच्या परीक्षेत नव्हता. ती वाट पाहत होती.

१८६५ मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' या अजस्र जहाजावरून अटलांटिकची तार पुन्हा सोडण्यात आली, तेव्हा चाचणी ही प्रवासाची सोबतीण झाली होती. तार समुद्रात उतरत असतानाच तिची तपासणी चाले. निघाल्यावर थोड्याच अंतरावर दोष कळला. सोडलेली तार परत ओढून पाहिली, तर लोखंडी तारेचा एक आखूड तुकडा वेष्टनात रुतलेला सापडला. पुढे ऑगस्टमध्ये ती तार तुटून तळाशी गेली. १८६६ च्या जुलैमध्ये नवी तार यशस्वीपणे पोहोचली, आणि जहाज मागे वळले ते गेल्या वर्षीची तार शोधायला. दोन मैलांहून अधिक खोल पाण्यातून गळ टाकून तिचे टोक सप्टेंबरच्या आरंभी वर काढले गेले. ती जिवंत आहे की मेली हे कुणालाच ठाऊक नव्हते. आयर्लंडमधल्या व्हॅलेन्शियाच्या ठाण्यावर मात्र त्या मुक्या तारेसमोर प्रकाशाच्या ठिपक्यावर पहारा चालू होता. जहाजावरून संकेत गेला, ठिपका हलला, उत्तर आले. मग भर समुद्रात जुन्या तारेला नवी तार सांधण्यात आली आणि ती न्यूफाउंडलंडला नेऊन पोहोचवली गेली.

यानंतर घडलेला प्रसंग आमच्या मते या साऱ्या इतिहासाचा गाभा आहे. आता महासागराखाली दोन तारा होत्या. लॅटिमर क्लार्क यांनी त्यांची न्यूफाउंडलंडकडची टोके एकमेकांना जोडून घेतली. सुमारे ३,७०० मैलांचे एकच वेटोळे तयार झाले, आणि भर समुद्रातला तो जोडही त्यातच होता. मग व्हॅलेन्शियात त्यांनी शिवणकामात बोटाला घालतात ते चांदीचे अंगुस्तान मागून घेतले. त्यात थोडे आम्ल ओतले, जस्ताचा तुकडा ठेवला. एवढ्याशा बॅटरीचा प्रवाह महासागर दोनदा ओलांडून परत आला आणि आरशावरचा ठिपका हलला. आठ वर्षांपूर्वी २,००० व्होल्टना जे धड साधले नव्हते, ते अंगुस्तानभर आम्लाने साधले.

हा केवळ गमतीचा प्रयोग म्हणून सांगितला जातो. आम्हाला त्यात परीक्षेविषयीचे एक तत्त्व दिसते. बळकट प्रवाह पलीकडे पोहोचला तर त्याचे श्रेय तारेचे की बळाचे, हे कळत नाही. सर्वांत क्षीण प्रवाह पोहोचला तर मात्र तारेविषयी शंका उरत नाही.

या ज्ञानाचा लाभ मुंबईला लवकरच झाला. १८७० च्या आरंभी हेच 'ग्रेट ईस्टर्न' मुंबईच्या समुद्रात येऊन उभे राहिले आणि फेब्रुवारीत मुंबई ते एडन तार टाकली गेली. त्याच वर्षीच्या जूनपर्यंत मुंबई ते लंडन ही मुख्यतः समुद्राखालची वाट पुरी झाली. दहा वर्षांपूर्वी तांबड्या समुद्रात जी तार मेली होती, तिच्याच मार्गावर ही तार जगली. मधल्या दशकात तांबे बदलले नव्हते, गटापर्चाही तोच होता. बदलली होती ती प्रामुख्याने परीक्षा आणि तिच्या धाकाने सुधारलेली घडण. परीक्षेच्या या ध्यासातून अनपेक्षित फळेही निघाली. तारेच्या तपासणीसाठी मोठा रोध हवा म्हणून विलोबी स्मिथ यांनी सेलेनियमच्या कांड्या वापरल्या. त्यांचा रोध उजेड पडताच कमी होतो हे १८७३ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि प्रकाशविद्युत साधनांच्या वाटचालीला त्यातून आरंभ मिळाला.

समुद्रातली तार आणि आमची पाच मीटरची वायर यांच्यामध्ये टेलिफोन उभा आहे. ध्वनियंत्रांना आजही लागणारा पाव इंची प्लग एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजच्या स्विचबोर्डावरून आलेला आहे. टेलिफोनवाल्यांना एक नवे दुखणे भेटले. तांब्यावर हवेने पातळ पापुद्रा चढतो. जोड कच्चा असेल तर बोलण्याचा क्षीण प्रवाह त्या पापुद्र्यापाशी अडतो. पण जरा मोठा प्रवाह सोडला की पापुद्रा फुटतो आणि जोड काही काळ चांगल्यासारखा वागू लागतो. म्हणून दूरच्या लाइनींवर बोलण्याच्या प्रवाहासोबत एक संथ प्रवाह मुद्दाम वाहता ठेवण्याची रीत पडली. परीक्षकाने यातून घ्यायचा धडा उघड आहे. दांडगी परीक्षा नेहमीच वस्तूला मारते असे नव्हे. कधी ती कच्च्या वस्तूला क्षणभर पक्की करून दाखवते. दोन्ही प्रकारांत खरे कळत नाहीच.

आता आमच्या मीटरकडे वळू. अनेक साधे मीटर वीस-तीस ओहमांच्या आत रोध असला की शिट्टी वाजवतात. चांगल्या जोडाचा रोध ओहमच्या हजाराव्या भागात मोजायचा असतो. म्हणजे शिट्टी फक्त इतकेच सांगते की वाट पुरती बंद नाही. शिवाय कोणता रोध किती नडतो हे वायर कोणत्या कामाची आहे त्यावर ठरते. ८ ओहमच्या स्पीकरच्या वायरीत १ ओहमचा वाईट जोड दाबाचा नववा हिस्सा गिळतो. १०,००० ओहमच्या इनपुटला जाणाऱ्या वायरीत ५ ओहमसुद्धा कानाला कळणार नाहीत. तिथे धोका वेगळा असतो: जोड आत्ता लागलेला असणे आणि घटकेने सुटणे. मायक्रोफोनच्या वायरीत हा धोका सर्वांत मोठा, कारण तिच्यातला संकेत काही मिलीव्होल्टांचाच असतो. असा दोष टेबलावर स्थिर पडलेल्या वायरीत सापडत नाही.

डोळ्यांवरही पुरते विसंबता येत नाही. सोल्डर हा डिंक नव्हे. वितळलेले कथील तांब्याशी संयोग पावून मध्ये एक नवा थर तयार करते, तोच खरा जोड. तांबे पुरेसे तापले नाही किंवा राळेने पापुद्रा निघाला नाही, तर सोल्डर नुसते वर बसते. जुना नियम असा की चकाकणारा जोड चांगला, निस्तेज जोड वाईट. शिसे आणि कथील यांच्या ३७:६३ मिश्रणाला तो बऱ्याच अंशी लागू पडतो. ते १८३ अंश सेल्सिअसला एकदम गोठते. निवताना हात हलला तर पृष्ठभाग दाणेदार होतो आणि दोष दिसतो. पण १ जुलै २००६ पासून युरोपात बहुतेक विद्युत उपकरणांतल्या शिशावर बंधने आली. शिसेविरहित सोल्डर सुमारे २१७ ते २२० अंशांना वितळते आणि त्याचा उत्तम जोडही अनेकदा निस्तेजच दिसतो. जुन्या नियमाने तपासणारा तिथे निर्दोष काम नापास करील.

मग घरी केलेल्या वायरीची परीक्षा घ्यावी तरी कशी? अनुभवाने आम्ही आता असे करतो. प्रथम भिंग घेऊन पाहतो: सोल्डर कडेपर्यंत पातळ होत पसरले आहे का, आतल्या तारांचे उठाव त्यातून दिसतात का, की गोळा नुसता बसला आहे. मग वायर हळूच ओढून पाहतो. आतली तार आणि बाहेरची जाळी यांच्यात कुठेही संपर्क नाही ना, हे मीटरने तपासतो. इथे मीटरचे मौन हाच होकार. स्पीकरच्या वायरीतून एक अँपिअरचा प्रवाह सोडतो आणि जोडाच्या अलीकडे-पलीकडे वेगळ्या सळ्या टेकवून मिलीव्होल्ट मोजतो. जितके मिलीव्होल्ट, तितकेच ओहमचे हजारावे भाग. केल्व्हिनची युक्ती ती हीच. मायक्रोफोनच्या वायरीला मात्र हा मोठा प्रवाह लावत नाही. ती तिच्याच कामाला जोडतो, कानाला हेडफोन लावतो, एकजण हलक्या आवाजात बोलत राहतो आणि दुसरा प्लगपाशी वायर वाकवतो, पिळतो, हलवतो. हे दोन-तीन मिनिटे, घाई न करता. क्लार्क यांचे कुंड आणि अंगुस्तान यांच्याकडून शिकण्यासारखे जे आहे ते एवढेच: परीक्षा कामाच्या मापाची असावी, आणि तिने वाट पाहावी.

अध्यापनाच्या व्यवसायात असल्यामुळे हे वाक्य लिहिताना आम्ही थोडे थबकलो. तीन तासांच्या पेपरात जोराचा प्रवाह सोडून, शिट्टी वाजली की नाही हे पाहण्याचे काम आम्ही दरवर्षी करतोच. कुणाचा सांधा खरा आहे आणि कुणाचा क्षणापुरता लागलेला, हे त्या शिट्टीवरून कितपत कळते, याचे उत्तर वाचकांपैकी अनेक शिक्षकांना आमच्याइतकेच ठाऊक असेल.

ती वायर आम्ही टाकून दिली नाही. काही वर्षांनी प्लग उघडून पाहिला. जाळीच्या बाजूचा जोड अखंड दिसत होता, चकाकतही होता. चिमट्याने स्पर्श करताच सोल्डरचा गोळा तांब्यावरून जसाच्या तसा सुटून आला. खालचे तांबे काळे पडले होते. सोल्डर त्याला कधी लागलेच नव्हते.

आजींच्या ओव्यांपैकी वीस मिनिटांचा आवाज आणि आमच्या वहीत धावत्या हाताने टिपलेल्या काही ओळी एवढेच आज शिल्लक आहे. उरलेल्या ओव्या त्यांच्याबरोबर गेल्या. "उमटलं का रं समदं?" या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी कॅसेट थोडी मागे घेऊन ऐकायला आम्हाला एक मिनिट पुरले असते, आणि आजी तोवर थांबल्याही असत्या.